मीडिया सर्व्हरची डिस्क भरली? सिनेमांवर हात टाकण्याआधी हे बघा

एका संध्याकाळी सर्व्हरवरचा सिनेमा सुरूच होईना. लॉगिनचं पान पांढरं, लायब्ररी अर्धवट, आणि टर्मिनलवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मी जड मनाने दोन अख्ख्या मालिका उडवल्या. फरक शून्य. कारण सिनेमे होते वेगळ्या डिस्कवर आणि भरली होती ऑपरेटिंग सिस्टमची ६० जीबीची छोटी एसएसडी. तिच्यातले ४१ जीबी एकाच लॉग फाइलने, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या कामाची नोंद लिहितो त्या फाइलने, खाल्ले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेव्हापासून जागा संपली की मी एका ठरलेल्या क्रमाने जातो. हा लेख म्हणजे तोच क्रम. सर्व्हर लिनक्सवर आहे, डेबियन किंवा उबुंटू घराण्यातला, आणि त्यावर जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी चालतं असं गृहीत धरलं आहे. डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याची सोय, असो वा नसो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग आणि रोमन आकडे वापरा. अक्षरं लहान, जिथे मोठं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. बहुतेक कमांडना आधी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार मागणारा शब्द) लागेल.

पायरी १ : नेमकी कोणती डिस्क भरली?

`डीएफ -एच`

एवढ्या एका कमांडने माझ्या त्या दोन मालिका वाचल्या असत्या. यात दोन ओळी महत्त्वाच्या. एक ‘/’ची, म्हणजे सिस्टम डिस्कची. दुसरी सिनेमे असलेल्या डिस्कची. सिनेमांची डिस्क भरली तर फक्त नवा सिनेमा टाकता येत नाही, बाकी सगळं चालू राहतं. सिस्टम डिस्क भरली तर सर्व्हर आडवा होतो. पोस्टर दिसत नाहीत, ‘कुठपर्यंत पाहिलं’ याची नोंद होत नाही, कधी कधी लॉगिनही होत नाही.

इथे तीन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली, ४ टीबीची डिस्क इथे ३.६ दिसते. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात आणि ही कमांड १०२४ च्या. काहीही हरवलेलं नाही.

दुसरी, वापरलेली आणि शिल्लक जागा यांची बेरीज एकूण जागेएवढी येत नाही. एक्स्ट४ फाइल सिस्टम मुळातच ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे सिस्टमच्या प्रशासकासाठी, राखून ठेवते. सिस्टम डिस्कवर हे शहाणपणाचं आहे, तिथे हात लावू नका. पण फक्त सिनेमे असलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर त्याचा अर्थ २०० जीबी अडकून पडणं असा होतो. `ट्यून२एफएस -एम १` आणि पुढे त्या पार्टिशनचं नाव दिलं की राखीव वाटा १ टक्क्यावर येतो. डिस्क फॉरमॅट होत नाही, डेटाला धक्का लागत नाही.

तिसरी, जागा शिल्लक दिसते आणि तरी ‘नो स्पेस’ येतं. मग `डीएफ -आय` चालवा. ही कमांड आयनोड मोजते, म्हणजे किती फायली ठेवता येतील तो आकडा. एक्स्ट४ मध्ये तो फॉरमॅट करतानाच ठरतो. पोस्टर, कलाकारांचे फोटो, सबटायटल अशा लाखो चिमुकल्या फायलींनी तो संपू शकतो. क्वचितच होतं, पण झालं तर माणूस दिवसभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

पायरी २ : आधी सर्व्हर थांबवा, मग श्वास घेण्यापुरती जागा करा

जेलीफिन आणि प्लेक्स दोघंही आपली नोंदवही एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतात. भरलेल्या डिस्कवर त्यात लिहिण्याचा प्रयत्न होत राहणं धोक्याचं. म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी मीडिया सर्व्हरची सर्व्हिस थांबवा आणि मगच जागा करा:

`एपीटी क्लीन`
`जर्नलसीटीएल --रोटेट`
`जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम`

शेवटच्या कमांडमधला ‘एम’ मोठा. पहिली कमांड डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजं काढते. दुसरी-तिसरी मिळून सिस्टमचं जर्नल, म्हणजे सिस्टमचा स्वतःचा लॉग, २०० एमबीच्या आसपास आणतात. रोटेट आधी का? व्हॅक्यूम फक्त बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या फायली पुसतं, चालू फाइलला हात लावत नाही. रोटेट न केल्यामुळे ‘कमांड चालवली पण जागा सुटलीच नाही’ अशी तक्रार होते.

थोडी जागा झाली की डेटाबेसची एक प्रत सिनेमांच्या डिस्कवर काढून ठेवा. आता डोकं शांत ठेवून शोधता येईल.

एक इशारा. या घाईत `डॉकर सिस्टम प्रून` चालवू नका. ती कमांड थांबलेले कंटेनर काढून टाकते, आणि तुम्ही आत्ताच आपला मीडिया सर्व्हर थांबवला आहे. सेटिंग्जचा फोल्डर कंटेनरच्या बाहेर जोडलेला नसेल तर तुमची लायब्ररीची मांडणीही त्याच्याबरोबर जाते. जुन्या इमेजच (ज्या साच्यांतून कंटेनर बनतात ते) काढायच्या असतील तर `डॉकर इमेज प्रून -ए` चालवा. थांबलेल्या कंटेनरची इमेज ती सोडून देते.

पायरी ३ : जागा गेली कुठे?

`डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच`

यातला ‘एक्स’ विसरू नका. त्याच्यामुळे मोजणी त्याच डिस्कपुरती राहते, नाहीतर कमांड सिनेमांच्या डिस्कवरही फिरून येते आणि तुम्ही चहा पिऊन आलात तरी संपत नाही. सर्वात मोठा फोल्डर यादीच्या तळाशी येईल. त्यात शिरा, पुन्हा तेच. हे कंटाळवाणं वाटत असेल तर `एनसीडीयू -एक्स /` वापरा. बाणांच्या कळांनी फोल्डरमध्ये आत-बाहेर करता येतं. मी आता तेच वापरतो.

बहुतेक वेळा चौकशी ‘/व्हार’ या फोल्डरशी येऊन थांबते. त्यातल्या ‘लॉग’मध्ये लॉग, ‘लिब/डॉकर’मध्ये डॉकरचा पसारा, ‘कॅशे’मध्ये कॅशे, आणि ‘लिब’मध्येच जेलीफिन किंवा प्लेक्सचा डेटा.

खरी गंमत तेव्हा येते जेव्हा डीएफ म्हणतं ५८ जीबी वापरात आणि डीयूची बेरीज येते २० जीबी. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी तीन शक्यता तपासा.

पहिली, पुसलेली पण उघडी फाइल. लिनक्समध्ये एखादी फाइल पुसली की फक्त तिचं नाव जातं. एखादा प्रोग्राम तिला धरून बसला असेल तर जागा तशीच अडकून राहते. अवाढव्य लॉग फाइल घाईघाईने पुसली की हेच होतं. शोधण्यासाठी `एलएसओएफ +एल१` चालवा, यातला ‘एल’ मोठा. ज्या प्रोग्रामचं नाव येईल तो रीस्टार्ट केला की जागा सुटते. म्हणूनच चालू लॉग पुसायचा नसतो, रिकामा करायचा असतो: `ट्रंकेट -एस ०` आणि पुढे फाइलचा पत्ता.

दुसरी शक्यता मला सगळ्यात छळलेली. समजा सिनेमांची डिस्क ‘/एमएनटी/मीडिया’ या फोल्डरवर जोडली जाते. एखाद्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ती डिस्क जोडलीच गेली नाही. फोल्डर मात्र आहेच, रिकामा. डाउनलोड करणारा प्रोग्राम बिचारा त्यातच लिहीत बसतो, म्हणजे सिस्टम डिस्कवर. नंतर डिस्क जोडली जाते आणि त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, मोजणीत येत नाहीत, जागा मात्र अडवतात. त्या बघायच्या तर सिस्टम डिस्क दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडा:

`माउंट --बाइंड / /एमएनटी/तपास`

फोल्डरचं नाव काहीही चालेल, फक्त तो आधी तयार करा. आता त्याच्या आत ‘एमएनटी/मीडिया’मध्ये गेलात की झाकलेल्या फायली दिसतील. हव्या त्या हलवा, बाकीच्या काढा, मग बाइंड सोडवा. पुन्हा असं होऊ नये म्हणून डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर `सीएचअॅटर +आय` चालवून ठेवा. त्यानंतर त्यात रूटलाही काही लिहिता येत नाही, पण डिस्क मात्र नेहमीसारखी जोडली जाते. डिस्क नसेल तर प्रोग्राम एरर देईल. देऊ दे. गुपचूप चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा ओरडलेलं बरं.

तिसरी, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. फाइल सिस्टम बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर फाइल पुसली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती जिवंत असते. जुने स्नॅपशॉट काढल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

पायरी ४ : लॉग

सापडला मोठा लॉग, केला रिकामा, असं करून उठू नका. दोन दिवसांत तो पुन्हा तेवढाच होईल. आधी तो काय ओरडतोय ते ऐका:

`जर्नलसीटीएल --सिन्स टुडे -ओ कॅट | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड`

ही कमांड आज सर्वाधिक वेळा आलेल्या दहा ओळी आकड्यांसह दाखवते. साध्या लॉग फाइलसाठी पहिल्या तुकड्याऐवजी `टेल -एन १०००००` आणि फाइलचा पत्ता द्या. मात्र ज्या ओळींच्या सुरुवातीला वेळ छापलेली असते त्या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात, तेव्हा वेळेचा भाग `कट`ने छाटावा लागतो. माझ्या ४१ जीबींमध्ये एकच ओळ कोट्यवधी वेळा होती. कधीतरी काही तपासायला मी डीबग लॉगिंग चालू केलं होतं आणि बंद करायला विसरलो होतो. दोष दुसऱ्या कोणाला देणार! इतर नेहमीचे संशयित म्हणजे सैल यूएसबी केबलमुळे सतत तुटून जोडली जाणारी डिस्क, मरायला टेकलेली डिस्क, आणि नाहीशी झालेली फाइल दर काही सेकंदांनी शोधणारा एखादा प्लगइन. डिस्कबद्दलच्या एरर दिसल्या तर जागेचा विषय तिथेच सोडा. `स्मार्टसीटीएल -ए` चालवून तिची तब्येत बघा आणि आधी बॅकअप घ्या.

आता मर्यादा घालायची. लॉग तीन ठिकाणी साठतात आणि तिन्हींचे लगाम वेगळे.

जर्नल. ‘/ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘सिस्टममॅक्सयूज’ ही ओळ शोधा. तिच्यात एस, एम, यू ही अक्षरं मोठी असतात. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि ५००एम लिहा, हा ‘एम’ही मोठा. काहीच न लिहिल्यास जर्नल डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढतं. त्यामुळे ते एकट्याने डिस्क बुडवत नाही, पण ३२ जीबीच्या कार्डावर ३ जीबी म्हणजे चैनच. बदलानंतर जर्नलडी सर्व्हिस रीस्टार्ट करा. उबुंटूवर आरसिस्लॉग हा लॉग लिहिणारा दुसरा प्रोग्रामही चालू असतो, म्हणजे तेच संदेश ‘/व्हार/लॉग/सिस्लॉग’मध्ये दुसऱ्यांदा लिहिले जातात. डेबियन १२ पासून डेबियनने तो मूळ इन्स्टॉलेशनमधून काढला.

लॉगरोटेट. ‘/व्हार/लॉग’मधल्या साध्या फायली हा सांभाळतो. त्याचे नियम ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी’मध्ये असतात, एका प्रोग्रामला एक फाइल. मी स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टच्या लॉगसाठी हा नियम ठेवतो:

`/व्हार/लॉग/माझेलॉग/*.लॉग {`
`  डेली`
`  रोटेट ७`
`  मॅक्ससाइज ५०एम`
`  कॉम्प्रेस`
`  मिसिंगओके`
`  नॉटिफएम्प्टी`
`  कॉपीट्रंकेट`
`}`

यातला ‘५०’च्या पुढचा ‘एम’ मोठा. हा नियम रोज, किंवा ५० एमबी ओलांडल्यावर, फाइल बाजूला काढतो आणि सात जुन्या प्रती दाबून ठेवतो. `लॉगरोटेट -डी` आणि नियमाच्या फाइलचा पत्ता दिला की काय होईल ते फक्त दिसतं, होत काही नाही. नवा नियम नेहमी असा तपासा.

यात दोन खाचखळगे आहेत. लॉगरोटेट स्वतः दिवसातून एकदाच चालतो, त्यामुळे मॅक्ससाइज ही खरी भिंत नाही. दुपारी सुरू झालेला पूर रात्रीपर्यंत डिस्क भरू शकतो. तसा धोका असेल तर त्याचा टायमर दर तासाला करा. दुसरं, कॉपीट्रंकेट आधी फाइलची प्रत काढतं आणि मग मूळ रिकामी करतं. ४१ जीबीच्या फाइलला ४१ जीबी मोकळी जागा लागेल. म्हणजे डिस्क भरल्यावर हा उपाय चालत नाही. आधीपासून लावलेला असेल तरच उपयोगी.

डॉकर. घरच्या सर्व्हरवर मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. डॉकर प्रत्येक कंटेनरचा आउटपुट एका जेसन फाइलमध्ये लिहितो आणि मुळात त्याला कमाल मर्यादा नसते. कंटेनर दोन वर्षं चालू असेल तर दोन वर्षांचा लॉग. सोपा उपाय म्हणजे ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ या फाइलमध्ये ‘लॉग-ड्रायव्हर’ची किंमत ‘लोकल’ करणं. हा ड्रायव्हर स्वतःच २० एमबीच्या पाच फायलींपर्यंत थांबतो आणि जुन्या दाबून ठेवतो. जेसनवरच राहायचं असेल तर ‘लॉग-ऑप्ट्स’मध्ये ‘मॅक्स-साइज’ १०एम आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ लिहा. इथला ‘एम’ लहान, आणि ३ हा आकडासुद्धा अवतरणात, नाहीतर डॉकर सुरूच होत नाही.

यानंतर डॉकर रीस्टार्ट करून लोक निर्धास्त होतात. पण ही मर्यादा फक्त नव्याने तयार झालेल्या कंटेनरना लागते. जुने कंटेनर नुसते रीस्टार्ट करून भागत नाही, नव्याने तयार करावे लागतात. कम्पोज (कंटेनरची मांडणी एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची डॉकरची सोय) वापरत असाल तर `डॉकर कम्पोज अप -डी --फोर्स-रीक्रिएट`.

जेलीफिनचे स्वतःचे लॉगही असतात, शिवाय प्रत्येक ट्रान्सकोडिंगचा (सिनेमाचा फॉरमॅट बदलण्याचा, पुढच्या पायरीत येईल) एक एफएफएमपेग लॉग. ते तीन दिवसांनी आपोआप जातात, डॅशबोर्डमधलं साफसफाईचं नियोजित काम बंद केलेलं नसेल तर.

पायरी ५ : ट्रान्सकोडिंग आणि प्रिव्ह्यूची चित्रं

टीव्हीला एखादा फॉरमॅट झेपत नसेल तर सर्व्हर तो सिनेमा तिथल्या तिथे बदलून पाठवतो आणि बदललेले तुकडे तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो. मोठा सिनेमा म्हणजे बरेच जीबी, आणि तिघं एकाच वेळी बघत असतील तर तिप्पट. सर्व्हर मध्येच कोसळला तर तुकडे तसेच पडून राहतात. हा फोल्डर सेटिंगमधून सिनेमांच्या डिस्कवर हलवा. रॅम भरपूर असेल तर टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फोल्डरवर, ठेवा, एसएसडीची झीजही वाचते. पण डॉकरच्या कंटेनरमध्ये ‘/डेव्ह/एसएचएम’ला मुळात फक्त ६४ एमबी मिळतात. तिथे ट्रान्सकोडिंग वळवून ‘सिनेमा अर्ध्या मिनिटात अडकतो’ म्हणून हैराण झालेल्यांत मीही होतो.

सिनेमा पुढे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं हा दुसरा गुपचूप खादाड. प्लेक्स त्यांना व्हिडिओ प्रिव्ह्यू थंबनेल म्हणतं, जेलीफिन ट्रिकप्ले. लायब्ररी मोठी असेल तर ही चित्रं कित्येक जीबींमध्ये जातात, आणि ती सिस्टम डिस्कवरच्या डेटा फोल्डरमध्ये साठतात. शिवाय ती तयार करताना प्रोसेसर कित्येक तास घुमतो. मला विचाराल तर सिनेमांसाठी ती ठेवावीत आणि मालिकांसाठी बंद करावीत. वीस मिनिटांच्या भागात पुढे-मागे करायला चित्रं कशाला?

पायरी ६ : आता सिनेमे

इथवर येऊनही सिनेमांचीच डिस्क भरलेली असेल, तर आधी दुहेरी प्रती शोधा. डाउनलोडचा फोल्डर आणि लायब्ररी यांत एकच फाइल हार्डलिंकने ठेवली तर दोन नावं आणि एकच जागा असा मामला होतो. पण हार्डलिंक एकाच फाइल सिस्टममध्ये चालते. डॉकरमध्ये डाउनलोड आणि लायब्ररी असे दोन फोल्डर वेगवेगळे जोडले असतील, तर एकाच डिस्कवर असूनही कंटेनरला ते परके वाटतात. मग डाउनलोड झालेल्या फायली लायब्ररीत लावणारे सोनार, रडार यांसारखे प्रोग्राम मुकाट्याने पूर्ण कॉपी करतात. दोन्हींचा मूळ फोल्डर एकदाच जोडा, प्रश्न मिटतो. ज्या फायलींना दुसरं नाव नाही त्या `फाइंड` कमांडला `-टाइप एफ -लिंक्स १` देऊन सापडतात. आणि उलट बाजूही लक्षात घ्या: हार्डलिंक असलेला सिनेमा लायब्ररीतून काढला तरी डाउनलोडमधलं नाव शिल्लक असेपर्यंत एक बाइटही सुटत नाही.

मग हिशेब. बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) मेगाबिटमध्ये घ्या, सेकंदांनी गुणा, आठने भागा, उत्तर एमबीमध्ये येतं. ८ मेगाबिटचा दोन तासांचा सिनेमा ७.२ जीबी. ६० मेगाबिटचा फोरके सिनेमा ५४ जीबी. म्हणजे एका फोरकेच्या जागेत सात साधे सिनेमे बसतात, आणि काय ठेवायचं हा निर्णय तुमच्या टीव्हीच्या आकारावर सोडा. पुन्हा एन्कोड करून फाइल लहान करण्याच्या मी विरोधात आहे. दर्जा जातो, वीज जाते, आणि काही दिवसांनी पस्तावा होतो. त्यापेक्षा एमकेव्हीमर्ज या प्रोग्रामने नको असलेल्या भाषांचे ऑडिओ ट्रॅक काढा. चित्राला धक्का न लागता जागा सुटते. फक्त नवी फाइल तयार होईपर्यंत दोन्ही प्रतींना पुरेल एवढी जागा हाताशी हवी.

पायरी ७ : पुढच्या वेळी आधी कळावं म्हणून

`डीएफ --आउटपुट=पीसेंट /` ही कमांड फक्त टक्केवारी देते. तो आकडा ८५ च्या वर गेला की फोनवर संदेश पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) दर तासाला लावा. सिनेमांच्या डिस्कला मी ९५ ठेवतो, ती हळू भरते.

आणि एक जुनी युक्ती. सिस्टम डिस्कवर एक निरुपयोगी फाइल बनवून ठेवा:

`एफअॅलोकेट -एल २जी /राखीव`

यातला ‘जी’ मोठा. डिस्क काठोकाठ भरली की ही फाइल पुसा. दोन जीबी लगेच हातात येतात, एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून) आत शिरता येतं, कमांड चालतात, आणि पायरी १ पासून सुरुवात करता येते. काम आटोपल्यावर ती पुन्हा तयार करायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.